वसईचा किल्ला: चिमाजी अप्पांच्या आधीची दोनशे वर्षं आणि ती बिनछपराची चर्च

मांडवीकर

मंडळी, मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला वसईला गेलो होतो. लग्न आटोपलं, परतीची गाडी रात्रीची, मधला अख्खा दिवस हाताशी. कार्यालयात बसून उरलेली जिलबी संपवण्यापेक्षा किल्ला बघून यावा म्हणून एकटाच निघालो. बायको म्हणाली, "दोनच्या आत या, मेहुण्यांकडे जेवायचंय." आलो साडेचारला. घरी त्यावर काय झालं ते विचारू नका. उशीर का झाला तेवढं सांगतो.

आमच्या घरात वसई म्हणजे एकच गोष्ट. आजोबा जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून सांगायचे: वेढा लांबला, तेव्हा चिमाजी अप्पा म्हणाले, किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं मस्तक तरी आत पडू दे. हे त्यांच्या तोंडचं की पुढे कोणी रचलेलं, देव जाणे, पण आजोबांचा आवाज तिथे हटकून चढायचा. मग १७३९ सालचा मे महिना, किल्ल्यावर भगवा, आणि गोष्ट संपली. झोपा आता.

परवा किल्ल्यात शिरलो आणि पहिल्या अर्ध्या तासात खजील झालो. मराठे आत शिरले ते गाव कोणाचं होतं, कसं होतं, याचा आपल्याला पत्ताच नाही. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, तिथे २०५ वर्षं होते. मराठ्यांकडे ही वसई त्याच्या निम्मी वर्षंसुद्धा राहिली नाही.

या २०५ वर्षांची सुरुवात तर आपल्या बडोद्याच्या अंगणातली आहे. आपण दर पावसाळ्यात पावागडाला जाऊन कणसं खाऊन येतो, पायथ्याशी चांपानेरची जामा मशीद बघतो. त्या चांपानेरवर राज्य करणारा सुलतान बहादूरशहा. एकीकडून हुमायून अंगावर येतोय, दुसरीकडून फिरंग्यांची गलबतं किनारा जाळतायत. त्याने २३ डिसेंबर १५३४ ला पोर्तुगिजांशी तह करून वसई त्यांच्या पदरात टाकली. तह झाला तो त्यांच्याच जहाजावर. पुढच्याच वर्षी हुमायूनने चांपानेर घेतलं, आणि १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात फिरंग्यांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मेला. म्हणजे वसई देऊन बिचाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

पोर्तुगिजांनी १५३६ च्या सुमाराला आधी आतला लहान बालेकिल्ला बांधला आणि मग भोवती तटबंदी घालून आख्खं शहरच वसवलं. गोव्याच्या उत्तरेला त्यांचा जो मुलूख होता, त्याची ही राजधानी. श्रीमंत फिरंग्यांचे वाडे, रुग्णालय, न्यायालय, बाजार आणि चर्च. चर्च किती म्हणाल? एकाच तटात जेझुइटांचं वेगळं, फ्रान्सिस्कनांचं वेगळं, डॉमिनिकनांचं वेगळं, ऑगस्टिनियनांचं वेगळं (हे सगळे ख्रिस्ती साधूंचे संघ), आणि शिवाय गावाचं मुख्य चर्च. आपल्याकडे एका पेठेत चार मठ असावेत आणि चौघांच्या पंक्ती वेगळ्या असाव्यात, तसलाच प्रकार.

मला चर्चच्या बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी देवळाच्या हिशेबाने बघत गेलो आणि तेच सोपं पडलं. दारातून शिरलं की लांबच लांब सभामंडप, मध्ये एकही खांब नाही. टोकाला मोठी कमान, तिच्यापलीकडे गाभारा, म्हणजे वेदीची जागा. दाराच्या वर आतल्या बाजूला माळा असायचा, गाणाऱ्या मंडळींसाठी. त्याच्या तुळयांची भोकं भिंतीत अजून दिसतात. आणि बहुतेक ठिकाणी सभामंडपावर छप्पर नाही! वर नुसतं आभाळ, भिंतीतून पिंपळ फुटलेले, आणि पुढे गाभाऱ्यावर मात्र दगडी छत जागच्या जागी. हे असं का, ते मला उमगलं नाही. कोणी जाणकार असेल तर सांगा.

सगळ्यात उंच ते सेंट जोसेफचं, गावाचं मुख्य चर्च, बंदराच्या बाजूचं. त्याची सुरुवात १५४६ ची, पण दारावर लेख आहे तो १६०१ चा. त्यात गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचं नाव आहे आणि त्या साली चर्च नव्याने बांधल्याचा उल्लेख. शेजारी चौकोनी मनोरा, आत गोल जिना. मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहिलं की टोपी पडते.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते फ्रान्सिस्कनांच्या चर्चने. तिथे जमीनच थडग्यांची आहे. मोठमोठ्या शिळा एकीला एक लावून बसवलेल्या, प्रत्येकीवर पोर्तुगीज अक्षरं, कुठे घराण्याचं चिन्ह. 'सेपुल्तुरा' एवढा एक शब्द मी लावू शकलो, म्हणजे कबर. तो कळला आणि मग पाय कुठे ठेवावा ते कळेना. आपल्याला सवय चप्पल बाहेर काढायची, इथे काढावी की नाही याचाच विचार करत दोन मिनिटं उभा राहिलो. शेवटी काढली. उन्हाने दगड तापलेला, पाय भाजले, परत घातली. बाजूला दोन पोरं लग्नाआधीचे फोटो काढत होती. नवरी एका कॅप्टनाच्या छातीवर उभी होती. ती मराठी, तिला वाचता येत नव्हतं. मलाही कुठे येत होतं?

आणि एक शेवटचं, ज्यासाठी खरं म्हणजे हा धागा काढला. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "गोव्याला गेलायत का? जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भिंतीत जो काळा दगड आहे, तो इथला." मी थक्क झालो. तिथला स्थानिक दगड तांबडा जांभा, त्यात बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून खांब, चौकटी, नक्षी यांसाठी वसईकडचा काळा बेसॉल्ट समुद्रमार्गे खाली नेला. ते चर्च १५९४ ते १६०५ च्या दरम्यानचं. म्हणजे वसईचा दगड दक्षिणेला गेला, आणि पुढे १७३९ मध्ये वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर घाटावर, देशाकडे गेल्या. वसईत उरल्या त्या भिंती. बाकी वसई बघायची तर गावोगाव हिंडावं लागेल असं दिसतंय.

घंटांबद्दल ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

सुरसागरचा_कट्टा

पहिला! मस्त लिहिलंय. पण फोटो कुठेत? फोटोशिवाय धागा म्हणजे शेवेशिवाय सेवउसळ.

मांडवीकर

फोटो काढले ते मोबाइल वापरायला घेतलेल्या भाच्याकडे आहेत. तो सध्या फोन उचलत नाही.

सखूआत्या

घंटा म्हणालास म्हणून लिहिते. माझं माहेर नाशिकचं. आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलायला लागलं की घरातली मोठी माणसं म्हणायची, "ही पाहा नारोशंकराची घंटा!" मला लहानपणी ते फार वेळा ऐकावं लागलंय (का ते तुम्ही ओळखालच). पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या तटाच्या दारावर ती टांगलेली. देऊळ १७४७ चं, घंटेवर साल मात्र १७२१. म्हणजे देवळापेक्षा घंटा थोरली. वसईच्या स्वारीतली आणलेली म्हणूनच ती ओळखली जाते. मी त्या दाराखालून शंभरदा गेले असेन, आणि वर बघितलं असेल दहादा. ती चर्चची आहे हे कळलं तेव्हा मी बडोद्यात सून म्हणून येऊन पंधरा वर्षं झाली होती.

भीमाशंकरला पण आहे एक, सभामंडपापुढे. तिच्यावर १७२९ साल आहे आणि क्रूससुद्धा. शंकराच्या पुढ्यात क्रूस, आणि गेली अडीचशेहून जास्त वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. लोक वाजवतात आणि आत जातात.

फिरस्ता

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशीच एक आहे. छोट्या दगडी मंडपात टांगलेली. साल १७०७, अंगावर बाळाला घेतलेली मारिया. मी गेलो तेव्हा एका काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलेलं बघितलं, देवीच समजून. आता सांगा, कोणाचं चुकलं?

पालीच्या बल्लाळेश्वराला पण चिमाजी अप्पांनी वाहिलेली युरोपात ओतलेली घंटा आहे. अष्टविनायक करणाऱ्यांनी पुढच्या खेपेला मान वर करावी.

निवृत्त_ओव्हरसियर

मांडवीकरांच्या छपराच्या प्रश्नाला उत्तर. मी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढली, दगडी कामं पुष्कळ पाहिली, म्हणून बोलतो. वसईही दोनदा पाहिली आहे.

चर्चचा सभामंडप रुंद असतो. तेवढ्या रुंदीवर दगडी छत टाकायचं तर कमानीचा रेटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येतो, त्या बाहेर कलतात. मग भिंती भयंकर जाड करा किंवा बाहेरून टेकू द्या. खर्चिक काम. म्हणून सरळ लाकडाच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी), त्यावर वासे, त्यावर कौलं. आपल्या कोकणातल्या मोठ्या घरासारखंच. गाभारा मात्र अरुंद असतो. तिथे अर्धगोल दगडी छत घालणं परवडतं, आणि वेदीची जागा असल्यामुळे ते घालायची हौसही असते. चौकोनी खण पाडून मधोमध फूल, असली नक्षी त्या छताला काढत. सेंटरिंगवर, म्हणजे खालच्या तात्पुरत्या लाकडी आधारावर, चिरे रचत न्यायचे, मधला चावीचा दगड बसला की सेंटरिंग काढायचं. एकदा बसलेली कमान कोणी पाया उकरला नाही तर शतकं हलत नाही.

आता पुढचं तुम्हीच ओळखा. कोकणातला पाऊस आणि दर साल शाकारणी करायला कोणी नाही. एक कौल सरकलं की वासा भिजतो, वासा कुजला की कैची खाली बसते. मालक नसलेल्या घराचं छप्पर किती पावसाळे टिकेल? वर सागाची लाकडं म्हणजे फुकटचा माल, लोक सोडतात होय! त्यामुळे दगडी छत राहिलं आणि लाकडी गेलं. त्यासाठी तोफच लागते असं नाही. १६१८ च्या मे महिन्यात मोठं वादळ झालं तेव्हा तर पोर्तुगीज स्वतः तिथे नांदत असताना मठांची नि चर्चची छपरं उडाली होती.

दुसरं, भिंतीत पिंपळ फुटलेला दिसला तर तो दिसायला छान, पण दगडाचा तो खरा शत्रू. मूळ सांध्यातला चुना खातं आणि चिरा ढकलतं. नुसता वरून छाटला तर दुप्पट जोराने येतो.

कारेलीबागवाला

काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे. _/\_

रोखठोक

सगळं ठीक आहे, पण हे चर्चचं कौतुक जरा अति होतंय. या लोकांनी त्याच भागातली देवळं पाडली, बाटवाबाटवी केली. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यात चर्च थाटलं ते कोणी? आपण मराठ्यांनी ती सोडवली. आणि आज आपणच तिथे जाऊन 'काय छान कमान' म्हणायचं? चिमाजी अप्पा काय म्हणतील?

मांडवीकर

रोखठोक, मंडपेश्वराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. शंकराच्या लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च केलं, वर मठ बांधला. १७३९ नंतर तिथे परत पूजा सुरू झाली. ते मी लिहायला हवं होतं, राहिलं. देवळं गेली म्हणून लोक चिडले होते आणि त्या चिडीतूनच मोहिमेला गावोगावची मदत मिळाली, हेही खरं.

पण मला तिथे उभं राहून कौतुक वाटलं ते काही लपवता येत नाही. कमान चांगली आहे तर चांगली आहे. आणि चिमाजी अप्पा काय म्हणतील याचं उत्तर थोडंफार त्यांच्या तहातच सापडतं. १६ मे १७३९ ला किल्ला शरण आला तेव्हा आतल्यांना बाहेर पडायला आठ दिवसांची मुदत दिली होती. शस्त्रं, सामान, बायकामुलं घेऊन सन्मानाने जा म्हणून. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. अडीच-तीन महिने वेढा घालून, सुरुंगांनी बुरूज उडवून, आपली हजारो माणसं गमावून जिंकलेल्याने हे दिलं. आजोबांच्या गोष्टीत हा भाग कधीच यायचा नाही. मला तो तोफेच्या वाक्याहून मोठा वाटतो.

पापडीचा_पोरगा

नमस्कार. मी बडोद्याचा नाही, नोकरीनिमित्त चार वर्षं अलकापुरीत आहे. घर वसईला, आम्ही ख्रिस्ती. हा धागा मित्राने पाठवला म्हणून खातं उघडलं.

रोखठोक साहेबांना एवढंच सांगायचं होतं, की जे मागे राहिले ते आम्ही. फिरंगी १७३९ ला बोटीत बसून गोव्याला गेले. आमचे पूर्वज कुठे जाणार? शेती इथे, विहीर इथे. घरी आम्ही कादोडी बोलतो, ती मराठीचीच बहीण. शाळा मराठी. आमच्याकडच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं तेव्हा माझी आई शेजारणींना पेढे वाटत होती. आणि चिमाजी अप्पांचा पुतळा किल्ल्यात आहे, त्याच्या समोरून आम्ही लहानपणी सायकली हाणायचो. आम्हाला तो शत्रूचा पुतळा कधी वाटला नाही.

किल्ल्यातली सगळी चर्च मेलेली नाहीत हे पण लिहितो. जेझुइटांचं जे आहे, दारावर दोन्ही अंगांना खांब आणि वर येशूच्या नावाची आयएचएस अक्षरं, ते आता संत गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखतात. फेब्रुवारीत सण असतो, तिथे मिस्सा (आमची सामुदायिक उपासना) होते, गर्दी मावत नाही.

गोन्सालो आमच्या वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इकडची. जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पण त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. मग व्यापार केला, आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांमध्ये ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर दिलं, त्यात तो. १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला संत. आता गंमत बघा, ज्या जेझुइटांनी घेतलं नाही त्यांच्याच चर्चला आज त्याचं नाव.

रोखठोक

पापडीचा पोरगा, तुमच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. ते मागे राहिलेल्यांचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पिंपळाचं मात्र पुरातत्त्व खात्याने काहीतरी करावं, यावर तरी सगळ्यांचं एकमत असावं.

सखूआत्या

आहे! (नारोशंकराची घंटा)

अस्सल_बडोदेकर

वसईच्या मोहिमेत आपले गायकवाड पण होते ना? लहानपणी ऐकलंय. दमाजीरावांची फौज होती म्हणतात.

प्राच्यविद्या_वाचक

नाही. त्या काळी गायकवाड आणि पेशवे यांच्यात आडवा विस्तव जात नव्हता. १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांना मारलं, आणि गायकवाड तर दाभाड्यांचे सरदार. बडोदं त्यांच्या हाती कायमचं आलं ते १७३४ ला, अजून बूड टेकत होतं. वसईला उत्तरेतले जे मोठे सरदार होते ते मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे. म्हणजे या धाग्यावर खरा हक्क इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांचा. ते येऊन सांगायच्या आत आपण मान्य करून टाकू.

गायकवाडांचा संबंध आहे, पण पुढचा आणि वेगळा. वसईपासून आत वज्रेश्वरीचं देऊळ आहे, गरम पाण्याची कुंडं असलेलं. मोहिमेवर जाताना चिमाजी अप्पांचा तळ त्या बाजूला पडला होता, त्यांनी देवीला नवस केला आणि किल्ला हाती आल्यावर देऊळ बांधवलं. पायऱ्या चढून जाताना देऊळ किल्ल्यासारखंच दिसतं. तिथल्या दारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला.

आणि वसईचा दुसरा तह, शाळेतला, ३१ डिसेंबर १८०२ चा. बाजीराव दुसरे इंग्रजांच्या ओंजळीने पाणी प्यायले तो. त्यात गायकवाडांनी कंपनीशी आधीच केलेला करार पेशव्यांनी मान्य केल्याचं कलम आहे. म्हणजे एकाच गावात दोन तह, एक गुजरातच्या सुलतानाचा, एक पेशव्यांचा, आणि दोन्हींत आपल्या बाजूचं काहीतरी गेलेलं.

कारेलीबागवाला

हे भारी आहे. मी आजवर 'वसईचा तह' म्हटलं की एकच समजत होतो.

एक बाळबोध प्रश्न. फतेगंजात आपल्याकडे जुनी चर्च आहेत, तीपण अशीच का?

निवृत्त_ओव्हरसियर

फतेगंज म्हणजे इंग्रजांची छावणी. ते बांधकाम वेगळ्या वळणाचं, शिपाई आणि साहेबांच्या प्रार्थनेपुरतं. वसईतली त्याच्या दोनअडीचशे वर्षं आधीची, आणि पोर्तुगिजांची तऱ्हा निराळी. बाहेरून भिंत सपाट, जवळजवळ रूक्ष, किल्ल्यासारखी. सगळी हौस दर्शनी दाराभोवती आणि आत वेदीमागे. वेदीमागे लाकडाचं सोनेरी नक्षीकाम असायचं, ते वसईत उरलेलं नाही. ते कसं असेल याची कल्पना यायची तर दमणला जा. बडोद्याहून जवळ. मोटी दमणच्या किल्ल्यात बॉम जेझुस चर्च आहे, १६०३ चं, आणि समोरच्या बाजूला रोझरीचं लहानसं चॅपेल. दोन्ही अजून छपरासकट उभी आहेत, आतलं लाकूडकाम शाबूत. आधी दमण बघा, मग वसई. मग वसईतल्या रिकाम्या भिंतीवर डोळ्यांपुढे सगळं आपोआप चढतं. (दमणला लोक दुसऱ्याच कामासाठी जातात हे ठाऊक आहे. त्यांनीही तासभर काढावा.)

गोट्या_७७

काका, दुसरं काम आधी की चर्च आधी?

संपादक

विषयाला धरून लिहा. दोन प्रतिसाद काढले आहेत.

फिरस्ता

मांडवीकर, घंटा का नेल्या याबद्दल थोडं. चर्चची घंटा म्हणजे गावाचं घड्याळ नि गावाचा गळा. ती काढली की गाव दुसऱ्याचं झालं हे सगळ्यांना ऐकू न येण्यातून कळतं. शिवाय एवढी मोठी ओतीव घंटा, सूर लागणारी, आपल्याकडे सहज बनत नव्हती. वितळवून तोफ करता आली असती. त्या काळी धातूला तोच भाव. पण पुष्कळ सरदारांनी ती आपापल्या गावच्या देवाला वाहिली. त्यामुळे त्या वाचल्या. चर्चमध्ये राहिल्या असत्या तर कैच्यांबरोबर खाली आल्या असत्या आणि भंगारात गेल्या असत्या.

अजून एक. १६७४ मध्ये मस्कतचे अरब चाचे वसईला उतरले, शिबंदी घाबरून तटाच्या आत बसली आणि तटाबाहेरची चर्च सगळी लुटून नेली. म्हणजे लुटीचा मान फक्त आपलाच नाही. आज दिसणाऱ्या घंटांवर १७०७, १७२१, १७२९ अशी त्यानंतरची सालं आहेत, तेव्हा त्या बहुतेक पुन्हा घडी बसल्यावर टांगलेल्या. आणि शेवटच्या दोघींना तर वसईत नीट वीस वर्षंसुद्धा वाजायला मिळालं नाही.

सखूआत्या

फिरस्ता, हे वाचून जरा गलबलल्यासारखं झालं बाई. आमची १७२१ ची. म्हणजे अठरा वर्षं तिकडे, आणि अडीचशेच्या वर आमच्याकडे.

पापडीचा_पोरगा

कोणी जाणार असाल तर सांगून ठेवतो. वसई रोडला उतरून किल्ल्याची बस किंवा शेअर रिक्षा. सकाळी लवकर जा, दुपारी आत झाडी असली तरी चर्चमध्ये ऊन थेट डोक्यावर. पाणी बरोबर न्या. जमिनीद्वार आणि समुद्रद्वार अशी दोन मोठी दारं आहेत, समुद्राच्या दाराने बाहेर पडलात तर कोळ्यांच्या होड्या दिसतील. बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालची राजचिन्हं कोरलेली आहेत, ती चुकवू नका. बहुतेक लोक तिथे बसून खातात आणि वर बघतच नाहीत. भिंतींवर नावं कोरू नका, एवढी विनंती. येताना सुकेळी आणा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी लागतात. पिवळसर तपकिरी असतील ती घ्या.

मांडवीकर

सुकेळी आणली होती. मेहुण्यांकडे पोचेपर्यंत अर्धी संपली. तोही एक मुद्दा त्या दिवशी माझ्याविरुद्ध निघाला.

सुरसागरचा_कट्टा

सगळं वाचलं, पण फोटो?

मांडवीकर

भाचा सापडला. मोबाइल धुतला गेला म्हणतो, पँटसकट. तेव्हा वसईचे फोटो गेले.

पण काल एक वेगळंच सापडलं. आमच्या लग्नानंतर १९९४ ला गोव्याला गेलो होतो, त्याचा अल्बम माळ्यावरून काढला. जुन्या गोव्यात बॉम जेझुसच्या दारात आम्ही दोघं उभे आहोत. मी बेलबॉटममध्ये (तेव्हाही जुनी झालेली), ही गॉगल लावून. मागे तांबडा जांभा, आणि आमच्या खांद्यामागे काळ्या दगडाचा खांब. तिचा हात त्या खांबावर टेकलेला. तीस वर्षं हा फोटो घरात आहे आणि आम्ही दोघंच त्यात बघत होतो.

बायकोला दाखवला, सगळं समजावून सांगितलं: हा दगड वसईचा, बोटीने गेलेला, वगैरे. ती नीट ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तेव्हाच वसई बघितली होती. मग परवा तुम्हाला साडेचार वाजायचं काय कारण?"

स्कॅन करून रविवारी टाकतो.

सखूआत्या

वहिनींना माझा नमस्कार सांग. फोटोत गॉगल कापू नकोस.